इंजिनाला भाता लावला, तर ते टिकेल का?

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात, सॅन होजेला असतो. त्याच्याकडे २०१३ सालची दोन दारांची टोयोटा आहे. बाकी बऱ्याच देशांत ही गाडी जीटी८६ म्हणून विकली गेली, अमेरिकेत तेव्हा ती सायन एफआर-एस या नावानं मिळायची. एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला, तिकडे शनिवारची रात्र. "दादा, सुपरचार्जरचं किट घेतोय. एकच सांग, इंजिन टिकेल ना?"

माझी पंचवीसेक वर्षं इंजिनं चालवून तपासायच्या टेस्ट बेडशेजारी गेली, त्यामुळे नात्यात कुणाच्याही गाडीला काही झालं की फोन मला. यावेळी 'हो' म्हणवेना आणि 'नाही'ही म्हणवेना. "ते किटवर नाही रे ठरत," एवढंच म्हणालो, तर तो वैतागला. मग पुढचे दोन-तीन आठवडे तुकड्यातुकड्यानं जे सांगत गेलो, ते इथे सलग लिहितोय.

आधी गाडी. टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून २०१२ मध्ये ती आणली. सुबारूच्या बिल्ल्याखाली तीच बीआरझेड. बॉनेटखाली सुबारूचं एफए२० हे दोन लिटरचं आडवं इंजिन: दोन सिलिंडर एका कुशीवर, दोन दुसऱ्या. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८६ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ८६. ताकद २०० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), पण ती ७,००० आरपीएमला. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २०५ न्यूटन-मीटर, तोही ६,४०० च्या पुढे. वळणावर गाडी लोण्यासारखी जाते, तक्रार एकच: ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या दरम्यान टॉर्कच्या आलेखात खड्डा आहे. नेमकं पुढच्याला ओव्हरटेक करायच्या वेळी गाडी म्हणते, थांब जरा. या गाडीसाठी सुपरचार्जर विकणाऱ्यांचा निम्मा धंदा तरी त्या एका खड्ड्यावर चालतो.

आता भाता. पेट्रोल हवं तितकं ओतता येतं, पण ते जळायला हवा लागते, आणि दोन लिटरच्या इंजिनात किती हवा मावणार हे त्याच्या मापानं ठरलेलं असतं. पिस्टन खाली येतो, पोकळी होते, बाहेरच्या दाबानं हवा आत शिरते. लोहाराचा कोळसा नुसता पेटवून ठेवला तर धुमसत राहतो, भाता चालवला की लोखंड लालभडक. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाला लावलेला भाता. फक्त तो ओढायला वेगळं माणूस नाही. पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकच्या पुलीवरून पट्टा येतो, म्हणजे इंजिनच स्वतःचा भाता स्वतः ओढतं. टर्बो हेच काम एक्झॉस्टच्या गरम वायूवर करतो, पण आज तो बाजूला ठेवू.

भात्याचा सगळ्यात जुना प्रकार रूट्स. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी त्याचं पेटंट १८६० मध्ये घेतलं. तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. तो भट्ट्यांना आणि कारखान्यांना हवा पुरवायला होता, म्हणजे खरोखरच भाता. रसवंतीच्या चरकात दोन लाट एकमेकांत फिरतात तसे याचे दोन रोटर फिरतात. फरक एवढाच की ऊस लाटांच्या मधून जातो, इथे हवा रोटरच्या बाहेरून, कवचाच्या भिंतीला लागून पलीकडे ढकलली जाते. हा भाता खालच्या आरपीएमपासूनच जोर देतो. आजचे सुधारलेले रोटर चार पाकळ्यांचे आणि पीळ दिलेले असतात. ईटन कंपनीचा टीव्हीएस हा त्यातला सगळ्यात जास्त दिसणारा.

दुसरा प्रकार सेंट्रिफ्यूगल. हा दिसतो टर्बोच्या अर्ध्या भागासारखा, फक्त फिरतो पट्ट्यावर. आत गिअर किंवा रोलरची यंत्रणा असते, ती पंख्याला मिनिटाला लाखाच्या आसपास फेऱ्यांपर्यंत नेते. याचा स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. बूस्ट, म्हणजे बाहेरच्या दाबावरचा जास्तीचा दाब, आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७,४०० ला ०.६ बार मिळत असेल तर ३,७०० ला फक्त ०.१५. म्हणजे ज्या खड्ड्यासाठी खटाटोप, तिथे हा जवळजवळ काहीच करत नाही, सगळी मजा वर. ट्विन स्क्रू नावाचा तिसराही प्रकार आहे, तो स्वभावानं रूट्सच्या जवळचा.

भावाचा पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे: यातला सगळ्यात भरवशाचा कोणता? इथे त्याला एक गोष्ट सांगितली, ती त्याला आधी पटेना. ईटनचा आर१३२० हा भाता, एका फेरीत १.३२ लिटर हवा ढकलणारा, ऑडीनं आपल्या ३.० टीएफएसआय इंजिनात बसवला. एस४ मध्ये तो ३३३ पीएसचं इंजिन लाखो किलोमीटर फुंकत राहिला. त्याच घरातले रोटर लोटसच्या इव्होरा एसवर आहेत. आणि एडेलब्रॉकचं जे किट माझा भाऊ घेऊ बघत होता, त्यातही तेच. भाता तोच, इंजिनं तीन, आणि टिकण्याची कहाणी तीन प्रकारची. चांगल्या कंपनीचा सुपरचार्जर स्वतः सहसा मरत नाही. त्याच्या नाकातलं तेल वेळेवर बघा, बेअरिंग घरघरतंय का ऐका, पुरे. मरतं ते खालचं इंजिन.

कशानं मरतं? पहिला गुन्हेगार उष्णता.

सायकलच्या चाकात हातपंपानं हवा भरताना पंपाचं खालचं टोक चटका बसेल इतकं तापतं, हे सगळ्यांनी अनुभवलंय. ते घर्षणानं कमी, हवा दाबल्यानं जास्त. हाच प्रकार इथे मोठ्या प्रमाणात. सॅन होजेच्या उन्हाळ्यातली ३० अंशांची हवा घ्या. बाहेरचा दाब १ बार, त्यावर अर्धा बार बूस्ट, किटवाल्यांच्या भाषेत ७ पीएसआय. कॉम्प्रेसर अगदी आदर्श असता, तरी दाबता दाबता ही हवा ६७ अंशांवर गेली असती. खरा भाता ६५ टक्के कार्यक्षम धरला तर ती ८७ अंशांवर जाते. आता गंमत बघा. दाब वाढला ५० टक्के, पण तापल्यानं हवा फुगली, म्हणून सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात हवा वाढली २६ टक्केच. मध्ये इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर, घालून तीच हवा ५० अंशांवर आणली, तर वाढ ४० टक्क्यांवर जाते. बूस्टचा आकडा तोच, मिळकत दीडपट, आणि इंजिनाला त्रास कमी. त्यामुळे किट बघताना 'किती पीएसआय' हा प्रश्न मी दुसरा विचारतो. पहिला प्रश्न: पाचव्या मिनिटाला आत जाणाऱ्या हवेचं तापमान किती?

आणि हा भाता फुकट चालत नाही. वरच्या हिशेबानं ७,००० आरपीएमला तो क्रँककडून १० किलोवॉटच्या आसपास खातो. एका अ‍ॅक्टिव्हाच्या इंजिनाची दीडपटीहून जास्त ताकद फक्त हवा ढकलण्यात गेली. ती ताकद क्रँकच्या नाकावरून, एका पट्ट्यावरून जाते, हे ध्यानात असू द्या.

गरम हवेचं पुढे काय होतं? इथे इंजिनवाल्यांचा सगळ्यात जुना शत्रू येतो, नॉकिंग. स्पार्क प्लगनं ठिणगी टाकली की ज्योत मधून कडेला पसरत जाते. ती पोचेपर्यंत कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि तापमान फारच वर गेलं तर ज्योतीची वाट न बघता एकदम स्वतःच भडकतं. खट्कन. बाहेर ऐकू येतो तो बारीक टिकटिक आवाज, आतमध्ये मात्र पिस्टनच्या डोक्यावर हातोडा. जास्त दाब, जास्त उष्ण हवा, कमी ऑक्टेनचं, म्हणजे लवकर भडकणारं पेट्रोल आणि आधीपासून जास्त असलेला कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन वर जाताना मिश्रण किती पट दाबतो तो आकडा), ही चारही या हातोड्याची माणसं. एफए२० चा कॉम्प्रेशन रेशो १२.५ ला १ आहे. बिनभात्याच्या इंजिनाला तो शोभून दिसतो, कारण थोड्या हवेतून जास्तीत जास्त काम काढायचं असतं. भात्याखाली त्याच्याइतका अडचणीचा आकडा नाही.

हातोडा बसतोय हे कळतं कसं? सेन्सर असतो, लॅपटॉप लावून लॉग काढता येतो. पण माझा विश्वास प्लगवर. प्लग काढा, भिंग घ्या, आणि मधल्या इलेक्ट्रोडभोवतीची पांढरी चिनी माती उजेडात धरा. तिच्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके, आणि त्यात एखादा चांदीसारखा चमकणारा कण दिसला, तर तो कण पिस्टनचा आहे. ॲल्युमिनियम वितळून उडालं आणि प्लगवर येऊन बसलं. इंजिन चालू आहे, आवाज गोड आहे, मालक खूश आहे, आणि पिस्टन कणाकणानं चाललाय. या गाडीत प्लग काढणं ही शिक्षाच आहे: इंजिन आडवं, प्लग बाजूला, चॅसिसच्या दांड्याला खेटून, हाताची साल निघते. म्हणून लोक काढत नाहीत.

कारखाना स्वतः भाता लावतो तेव्हा काय करतो हे बघायला टोयोटाचंच जुनं उदाहरण आहे. ऐंशीच्या दशकातली छोटी एमआर२. तिचं साधं इंजिन ४ए-जीई, १.६ लिटर, कॉम्प्रेशन ९.४ ला १. १९८६ मध्ये जपानात टोयोटानं तिच्यावर रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर बसवला आणि इंजिनाचं नाव झालं ४ए-जीझेडई. नावात एक अक्षर वाढलं, आत मात्र बरंच बदललं. कॉम्प्रेशन ८ ला १ वर उतरवलं. पिस्टन ओतीव होते ते घडीव केले. इंटरकूलर आला. सुपरचार्जरला विजेवर चालणारा क्लच दिला, गरज नसताना भाता फिरायचाच नाही, एसीच्या कॉम्प्रेसरसारखा. म्हणजे टोयोटानं आधी इंजिनात भात्यासाठी जागा केली आणि मग भाता आणला. किटवाला याच्या उलट क्रमानं येतो. इंजिन आहे तसंच, कॉम्प्रेशन आहे तेच, पिस्टन तेच, आणि वरून भाता.

हे ऐकून भाऊ म्हणाला, "मग झालंच की, नकोच." तर तसंही नाही. लोटसनं इव्होरा एसमध्ये टोयोटाचं ३.५ लिटरचं व्ही६ घेतलं, कॅम्री घराण्यातलं, २जीआर-एफई. त्याचा कॉम्प्रेशन रेशो १०.८ तसाच ठेवला, सुरुवातीला इंटरकूलरही नव्हता, आणि २८० पीएसचं इंजिन ३५० वर नेलं. म्हणजे घरच्या इंजिनावर वरून भाता, आणि तो कंपनीच्या वॉरंटीसकट विकला. जमलं, कारण बूस्ट बेताचा, इंजिन मुळात दणकट, आणि एवढीच ताकद घेऊन थांबायचं हे आधी ठरवलेलं. पुढे २०१५ मध्ये ताकद ४०६ पीएसवर न्यायची वेळ आली तेव्हा लोटसनंही इंटरकूलर घातलाच. अंथरूण पाहून पाय पसरणं म्हणतात ते हेच, आणि अंथरूण केवढं आहे हे मोजायला लोटसकडे टेस्ट बेड होते.

हा वाद जुना आहे. वॉल्टर ओवेन बेंटली या गृहस्थाला सुपरचार्जर मनापासून नको होता. जास्त ताकद हवी तर इंजिन मोठं करा, असं त्याचं मत. त्याच्या गाड्या शर्यतीत चालवणाऱ्या टिम बर्किनला मात्र साडेचार लिटरच्या बेंटलीला भाता हवाच होता. डॉरोथी पॅजेट या श्रीमंत बाईंनी पैसा दिला, आणि रेडिएटरच्या पुढे, गाडीच्या नाकावर भलामोठा सुपरचार्जर लटकवलेली 'ब्लोअर बेंटली' तयार झाली. मूळ इंजिन ११० हॉर्सपॉवरचं. रस्त्यावरच्या ब्लोअरची ताकद १७५, शर्यतीच्या गाडीची २४० च्या घरात. १९३० च्या ल मां शर्यतीत बर्किननं ती अशी पिदडली की समोरच्या मर्सिडीजच्या चालकांची दमछाक झाली. ती मर्सिडीजही सुपरचार्जरवालीच, तिचा भाता पेडल तळाला नेल्यावरच जोडला जायचा आणि तो थोड्या वेळापुरताच वापरायचा असे. मर्सिडीज बाद झाली. दोन्ही ब्लोअर बेंटलीही बाद झाल्या. पहिल्या आणि दुसऱ्या आल्या त्या साडेसहा लिटरच्या, बिनभात्याच्या बेंटली स्पीड सिक्स. आणि हेच साडेचार लिटरचं इंजिन भाता नसताना १९२८ ची ल मां जिंकून बसलं होतं. पोस्टरवर आज दिसते ती मात्र ब्लोअर. लोकांना आवाज लक्षात राहतो.

टोयोटानंही शेवटी बेंटलीसाहेबांचंच ऐकलं म्हणायचं. २०२१ मध्ये नवी जीआर८६ आली, तीत भाता नाही, टर्बो नाही. इंजिन दोनचं २.४ लिटर केलं, कॉम्प्रेशन १२.५ च ठेवलं, आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क ३,७०० आरपीएमला आणून ठेवला. खड्डा बुजला. भावाला मी हा उपायही सुचवला: जुनी वीक, नवी घे. तो म्हणाला, "दादा, तू इंजिनिअर कमी आणि मामा जास्त वाटतोस."

मग कनेक्टिंग रॉडकडे वळू, कारण एफए२० मध्ये भात्याखाली काही मोडलंच तर पहिला नंबर बहुधा याचा. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारी ही दांडी दोन प्रकारांनी छळली जाते, आणि लोक त्या दोन्हींची सरमिसळ करतात. पहिला छळ वेगाचा. ७,४०० आरपीएमला पिस्टन सेकंदाला सुमारे २४७ वेळा थांबून दिशा बदलतो. वरच्या टोकाला दर वेळी दांडीला तो खेचून थांबवावा लागतो. हा ताण आरपीएमच्या वर्गानं वाढतो आणि भात्याशी त्याचा संबंध नाही. दुसरा छळ दाबाचा. मिश्रण जळलं की पिस्टन दांडीला खाली दडपतो. भाता वाढवतो तो हा. हा दाब म्हणजेच टॉर्क.

म्हणून हॉर्सपॉवरचा आकडा दांडी मोडत नाही, टॉर्कचा मोडतो. एकाच २७० हॉर्सपॉवरच्या दोन गाड्या घ्या. एकीला सेंट्रिफ्यूगल भाता, जोर फक्त वरच्या टोकाला. दुसरीला मोठा बूस्ट ३,००० आरपीएमलाच देणारं काहीतरी. कागदावर ताकद सारखी, पण दुसरीच्या दांड्या कमी वेगाला, जास्त दाबाखाली, जास्त वेळ दबून राहतात. वरच्या वेगाला निदान पिस्टनच्या जडत्वाची ओढ त्या दाबातला काही भाग खाऊन टाकते, खाली ती मदतही नसते. ज्याला खड्डा बुजवायचाय त्याला नेमकं खालीच टॉर्क हवं असतं, ही खरी पंचाईत. या इंजिनाच्या ट्यूनर मंडळींत चाकांवर मोजलेली ३०० हॉर्सपॉवर ही मूळ दांड्यांसाठी धोक्याची खूण मानतात. मूळ गाडी चाकांवर १६५-१७० च्या आसपास भरते. ७ पीएसआयच्या शहाण्या किटनं त्या खुणेच्या बऱ्याच आत राहता येतं. खूण म्हणजे भिंत नव्हे, एवढं मात्र खरं. २९० वर वाईट ट्यूनिंग असलेली गाडी ३१० वर चांगलं ट्यूनिंग असलेल्या गाडीच्या आधी फुटते.

ट्यूनिंग म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवीन तक्ता देणं: कोणत्या क्षणी किती पेट्रोल आणि कधी ठिणगी. जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं हे उघड आहे. त्याहून पुढची गोष्ट अशी, की बूस्टखाली मिश्रण मुद्दाम श्रीमंत ठेवतात. एरवी १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, बूस्टखाली साडेअकरा ते बारा भाग. जास्तीचं पेट्रोल जळत नाही, पण वाफ होताना आतली उष्णता शोषून घेतं. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आपल्या क्षमतेच्या ८०-८५ टक्क्यांपर्यंत पोचला असेल, तर वरच्या आरपीएमला हे पेट्रोल कमी पडतं. इंजिन तक्रार करत नाही. उलट किंचित जोरातच पळतं, आणि मग पिस्टन जातो. ठिणगीचंही तसंच. ती थोडी आधी टाकली की डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, पाच-सात हॉर्सपॉवर जास्त दिसतात, ग्राहक खूश. मागे ठेवली की आकडा कमी, इंजिन सुखी. कोणता ट्यूनर कुठे थांबतो यावर सगळं अवलंबून. मी भावाला म्हणालो, किटवर खर्च करशील त्याच्या पाचव्या हिश्शाइतके पैसे ट्यूनिंगला राखून ठेव, आणि ट्यूनरला पहिलं वाक्य हे सांग: "मला आकडा नकोय."

पेट्रोलबद्दल थोडं. कॅलिफोर्नियात पंपावर मिळणारं प्रीमियम ९१ ऑक्टेनचं असतं, पण त्यांची मोजायची पद्धत वेगळी. आपल्याकडच्या पद्धतीनं ते साधारण ९५-९६ भरतं. १२.५ कॉम्प्रेशनला आणि वर बूस्टला हे काठावरचं. म्हणून या गाडीवाल्यांत इथेनॉलचं वेड आहे. ई८५ म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन. वाफ होताना इथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे नॉकिंग लांब पळतं. पण त्यात ऊर्जा कमी, म्हणून ते साधारण तीस टक्के जास्त लागतं, की पुन्हा इंजेक्टर आणि पंप अपुरे. आपल्या उसाच्या पट्ट्यातल्या डिस्टिलऱ्या हेच इथेनॉल गाळतात. कोल्हापूरच्या माणसाला ई८५ चा वास परका वाटू नये.

बाकीच्या गोष्टी बारीक, पण गाडी रस्त्यात उभी राहते ती बहुतेक यांच्यामुळेच. पट्टा सरकतो, ताण देणारी पुली झिजते. होज निसटतो. प्लग एक पायरी थंड जातीचे घ्यावे लागतात आणि त्यांची फट कमी करावी लागते, नाहीतर दाबाखाली ठिणगी विझते आणि गाडी अडखळते. पिस्टनच्या वरच्या रिंगेला उष्णतेनं वाढायला पुरेशी फट नसेल तर तिची दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड उडते. रिंगांवरून निसटणारा वायू क्रँककेसमध्ये दाब वाढवतो, तेलाची वाफ पुन्हा हवेच्या वाटेनं आत जाते आणि ऑक्टेन खाली ओढते, म्हणून मध्ये तेल पकडणारा डबा लावतात. क्लचचं आयुष्य घटतं, त्यात काही नवल नाही. या इंजिनाचं तेल भात्याशिवायही ट्रॅकवर १२० अंशांच्या वर जातं, तेव्हा ऑइल कूलर हा किटचाच भाग समजा, डब्यात नसला तरी. आणि २०१३ च्या गाडीसाठी आणखी एक: व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी २०१८ च्या अखेरीला सुबारू आणि टोयोटानं या इंजिनांचा रिकॉल काढला होता. ते काम झालंय का, कुणी केलंय आणि किती स्वच्छ केलंय, हे भाता आणण्याआधी बघायचं.

भावानं शेवटी किट घेतलंच. माझा फारसा विरोध नव्हता, कारण त्याची गाडी ऑफिसला जाते. सुपरचार्जरला एक बायपास झडप असते. पेडल अर्ध्यावर असताना ती उघडी राहते, हवा गोल फिरते, बूस्ट शून्य. ऑफिसला जाणारा माणूस दिवसाकाठी पेडल तळाला किती सेकंद नेतो? वीस? तीस? इंजिनाच्या दृष्टीनं बाकी सगळा दिवस सुट्टीचा. ट्रॅकवर एका फेरीत निम्मा वेळ पेडल तळाला, असं वीस मिनिटं, आणि मग इंटरकूलरच्या पाण्यासकट सगळंच तापलेलं. दोघांच्या गाडीत किट तेच, आयुष्य वेगवेगळं. म्हणून "माझं पन्नास हजार मैल चाललंय" असं कुणी सांगितलं, तर ते मैल कुठले हे आधी विचारावं.

कायद्याचंही त्याला बघावं लागलं. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक किटवर नसेल तर स्मॉग तपासणीत गाडी अडकते. आपल्याकडे हा प्रश्नच निराळा. ही गाडी इथे विकायला आली नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करायला मुळातच मज्जाव करतं. पुण्यात कुणी गुपचूप लावलाच, तर अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस बॉनेट उघडेल तेव्हाचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा.

किट बसलं, आणि ट्यूनरनं तयार तक्ता टाकून गाडी हातात दिली. तिसऱ्या आठवड्यात भाऊ मित्रांबरोबर ट्रॅकवर गेला, ऑफिसला जाणारी गाडी घेऊन. परत आल्यावर मी म्हणालो, प्लग काढ. दोन दिवस कुरकुरला, मग व्हॉट्सॲपवर चार फोटो आले, हाताला लावलेल्या बँडेडसकट. तीन प्लग स्वच्छ. चौथ्याच्या पांढऱ्यावर मिरपूड, आणि एका कडेला एकच चमकता कण. गाडी, त्याच्या मते, "मस्त" चालत होती.

ट्यूनर बदलला. नव्या माणसानं गाडी डायनोवर दोन तास उभी करून तापवली, मगच तक्ता लिहायला घेतला. ठिणगी वरच्या टप्प्यात तीन डिग्री मागे घेतली, हवेचं तापमान ६० च्या वर गेलं की आणखी मागे. ऑइल कूलर लागला. डायनोवर अकरा हॉर्सपॉवर कमी झाले, त्याचं त्याला दोन दिवस वाईट वाटलं. पुढच्या वेळचे चारही प्लग स्वच्छ निघाले.

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन. सुपरचार्जरची एक नंबर लहान पुली मिळतेय, तासाभराचं काम, दोन पीएसआय वाढतात. "एवढ्यानं काय होतंय दादा?"

मी विचारलं, प्लग शेवटचे कधी काढलेस?